गाठीखालची फूट

मोसंबी आंबट निघावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझा सोलापूरचा घरमालक. आम्ही सगळे भाडेकरू त्यांना नुसतं ‘मालक’ म्हणायचो आणि इथंही मी तेच म्हणणार आहे.

कुणी भलं माणूस माळवदावर आलं, पत्र्याच्या डब्यांतली ती हातभर उंचीची रोपं बघून सहज म्हणालं, “वा, मोसंबी का? गोड येतील हो,” की मालकांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं. “गोड कशाला येतील?” ते भिंतीकडं बघून विचारायचे. “कुनी सांगितलं गोड येतील म्हनून?” पाहुणा बिचारा ओशाळून जिना उतरायचा. मला तेव्हा हे निव्वळ चक्रमपण वाटे. मी शाळामास्तरीण. चक्रम माणसांची मला सवय होती, त्यात एकाची भर पडली एवढंच.

‘भिंतीकडं बघून’ हे मी उगीच लिहिलेलं नाही. मालक कुणाशीच सरळ बोलत नसत. एकाहत्तर साली मी खोली बघायला गेले, तेव्हा एकट्या बाईला जागा नको म्हणून तीन घरांनी मला वाटेला लावलं होतं. मालकांनी खोली दाखवली, दारात उभे राहिले आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीला म्हणाले, “बाईंना म्हनावं, खोली झाडून घेतलीया. नळ सकाळी सहाला येतो म्हनावं.” मी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. ‘बाई’ म्हणजे मीच, आणि ‘म्हनावं’ हे कुणाला, ते त्या भिंतीलाच ठाऊक. पहिले आठ दिवस मला वाटलं, माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग लक्षात आलं, डोकं अगदी जागेवर आहे, जीभच तेवढी वाकड्या वाटेनं चालायला शिकली आहे.

ती तशी का शिकली, हे मला शेजारच्या खोलीतल्या अक्कांनी सांगितलं. अक्का विणकराच्या घरच्या, घरात तेलुगू, दारात मराठी. दिवसभर त्यांच्या खोलीतून मागाचा खडखडाट चालायचा आणि त्या खडखडाटावर आवाज चढवून त्या बोलायच्या, त्यामुळे त्यांनी सांगितलेलं गुपितसुद्धा गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जाई. मला ही हकीकत तुकड्यातुकड्यानं कळली आणि तिचा शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा तुकडा तर फार उशिरा, खुद्द मालकांच्या तोंडून कळला. पण तुम्हाला मी सगळी आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं मी काय करून बसले ते नीट समजेल.

मालकीणबाई अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. मालकांचं घर लिंगायत. नवरा-बायकोत कन्नड आणि भाडेकरूंशी, बाजारात मराठी, अशी त्या घराची रीत. मूलबाळ नव्हतं. एका भोगीच्या दिवशी मालकांच्या हातात पोस्टमननं कार्ड दिलं. कार्डाचा कोपरा फाडलेला. आपल्याकडं त्याचा अर्थ पोरासोरांनाही कळतो. मालकीणबाईंची आई गेली होती. दोन दिवसांपूर्वीच तिला मातीही दिली होती. मालकांनी विचार केला, आता पळत जाऊन तरी तोंड कुठं दिसणार आहे? उद्या संक्रांत. गड्ड्याची जत्रा तोंडावर. बायकोनं वर्षातून एकदा नवं लुगडं नेसायचं ते आत्ताच. सण होऊ दे, मग सांगू. आणि कार्ड कोटाच्या आतल्या खिशात घातलं.

चौथ्या दिवशी कोट धुवायला काढला तेव्हा ते मालकीणबाईंना सापडलं.

“चार दिवस मी गावभर तिळगूळ वाटत फिरले,” एवढंच त्या अक्कांना म्हणाल्या. “आई मातीआड, आणि मी सगळ्यांना गोड बोला, गोड बोला म्हणत होते.” त्यानंतर अकरा वर्षं त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. स्वयंपाक केला, आजारपणात पाय चेपले, सणाला पुरण घातलं, पण बोलल्या नाहीत. बोलायची वेळ आलीच तर भिंतीला सांगायच्या, तेही परक्यासारखं मराठीत, “कुणाला जेवायचं असेल तर ताट वाढलंय म्हणावं.” मग मालकही भिंतीलाच उत्तर द्यायला लागले. त्या गेल्यावर भिंत राहिली आणि सवयही राहिली.

दवाखान्यात मालक रोज त्यांच्यासाठी मोसंबी घेऊन जायचे. त्या तोंड फिरवायच्या. शेवटच्या दिवशी का कोण जाणे, त्यांनी मालकांच्या हातून एक फोड घेतली. चघळली. मालकांनी ओंजळ पुढं केली, मालकीणबाईंनी तीत तीन बिया टाकल्या आणि म्हणाल्या, “हुळी अद.” कन्नडात. आंबट आहे.

अकरा वर्षांनंतरचे ते पहिले शब्द, आणि तेच शेवटचे. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. मालक घरी आले ते मूठ मिटूनच, असं अक्का सांगत. मूठ उघडली आणि त्या तीन बिया ओल्या होत्या तशाच तुपाच्या रिकाम्या डब्यांत लावल्या.

आता हा माणूस मोसंबी आंबट का मागत होता, ते सांगते. मोसंबी खरोखर आंबट असेल, तर बायको त्यांच्याशी बोलली होती. रोजच्या संसारात बाई नवऱ्याला म्हणते, “आज वांगी कडू आणलीत,” तसं. अबोला सुटला होता. पण मोसंबी गोड असून ती आंबट म्हणाली असेल, तर ते बोलणं नव्हतं, तो शेवटचा टोमणा होता. कोणतं खरं, ते त्या बियांनाच माहीत होतं. फळ लागेपर्यंत थांबणं एवढंच मालकांच्या हाती होतं.

“बी आईवर जाईलच असं नाही हो मालक,” मी एकदा शहाणपणानं बोलले होते, तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मालक डब्याला म्हणाले, “बी आईवर न्हाय जानार तर काय पोस्टमनवर जानार हाय?”

तीन बियांतून चार रोपं आली होती. एका बीतून दोन. त्यांतलं एक दांडगं, एक अगदी केविलवाणं, सुतळीएवढं. सगळे म्हणाले, बारकं उपटा, म्हणजे मोठं जोमानं वाढेल. मालकांनी बारक्याला वेगळा डबा दिला.

त्या रोपांनी मालकांना जेवढं छळलं तेवढं पोटच्या पोरांनीही कुणाला छळलं नसेल. सोलापूरचं ऊन काय सांगावं! पत्र्याचे डबे तापायचे, मुळं भाजायची. मालकांनी डब्यांना ओल्या पोत्यांचे अंगरखे घातले. पानं पिवळी पडायची, शिरा तेवढ्या हिरव्या राहायच्या. कुणीतरी सांगितलं, लोखंड कमी पडतंय, की मालकांनी घरातले गंजके खिळे काढून मातीत खुपसले. भिंतीवरची तसबीर खाली आली, कारण तिचाही खिळा गेला होता.

लिंबाच्या जातीच्या झाडावर एक अळी येते, दिसायला थेट पाखराच्या विष्ठेसारखी. एका दिवसात रोपाचा खराटा करते. मालक ती मारत नसत. गळ्यात लिंग बांधलेल्या माणसानं जीव कसा मारायचा? ते अळ्या हळूच कागदाच्या पुडीत घ्यायचे, गल्लीच्या टोकाला जायचे आणि तिथल्या एका वकिलाच्या अंगणातल्या कढीपत्त्यावर सोडून यायचे. कढीपत्त्यावर ती अळी खुशाल जगते. एकदा वकीलसाहेबांनी त्यांना रंगेहाथ पकडलं. “काय चाललंय मालक आमच्या झाडाशी?” मालक कढीपत्त्याकडं बघत म्हणाले, “सायेबांना म्हनावं, पावनी हायत. चार दिस खातील, पंख फुटलं की जातील की आपलं आपलं.” वकील हसावं की फिर्याद करावी या विचारात पडले.

बाहत्तरच्या दुष्काळात नळ चार-चार दिवसांनी यायचा. मालक पितळेच्या मोठ्या परातीत मांडी घालून अंघोळ करायचे, साबण न लावता, डाळीचं पीठ लावून. परातीत साठलेलं पाणी वाटीवाटीनं डब्यांना. पाहुणा आला की त्याच्यापुढं पाण्याचा गच्च भरलेला तांब्या ठेवायचे आणि तो किती उरवतोय यावर डोळा ठेवून बसायचे. मी अर्धा पेला टाकायला शिकले. त्या काळात तहान अर्धीच भागवायची माझी सवय इतकी मुरली की अजूनही माझ्या पेल्यात पाणी उरतं आणि भांडी घासणारी बाई कुरकुर करते.

एवढं करूनही रोपं गेली. एक अळ्यांनी आधीच खाल्लं होतं. दुसऱ्याला दुष्काळातलं टँकरचं मचूळ पाणी सोसलं नाही. तिसरं, ते दांडगं, कुणाच्या तरी शेळीनं जिना चढून येऊन शेंड्यापासून बुडख्यापर्यंत फस्त केलं. त्या दिवशी मी मालकांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. आवाज नव्हता, नुसतं पाणी गळत होतं, आणि तेसुद्धा ते डब्यात गळू देत होते. मेलेलं रोप त्यांनी कधी उपटून फेकलं नाही. त्याच डब्यात आडवं पुरायचं आणि वर चिमूटभर विभूती टाकायची.

उरलं ते बारकं. सुतळीएवढं म्हणून ज्याला सगळे हसले होते, तेच.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर मालकांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेल्यात जमा होते. एकामागून एक दोन्हींचं ऑपरेशन करायचं आणि मग अक्कलकोटला बहिणीकडं राहायचं, असं ठरलं. निघताना ते माळवदावर आले. रोप आता कमरेइतकं झालं होतं, काटेरी, किडकिडीत, आणि त्याच्या पानांना पुन्हा पिवळेपणा आला होता. मालक माझ्या शेजारी उभे राहून जिन्याला म्हणाले, “बाईंना म्हनावं, आता तुमच्या वटीत घातलंया.”

मी मान हलवली. त्यांना दिसलं की नाही कोण जाणे.

मी त्या झाडाची हयगय केली नाही, हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुम्हाला तसं वाटेल. मी पाणी घातलं, ओली पोती बांधली, अळ्या वेचून वकिलांच्या कढीपत्त्यावर नेऊन सोडल्या. पण झाड शेंड्याकडून वाळायला लागलं. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील मोहोळकडचे, त्यांची मोसंबीची बाग होती. मी त्यांना काकुळतीनं बोलावलं. संक्रांतीच्या आसपास ते आले, झाडाभोवती एकदा फिरले आणि म्हणाले, “ह्ये बियाचं झाड हाय व्हय बाई? मग धा वर्सं फळाची वाट बगू नका. डब्यात तर जलमात यायचं न्हाय.”

“मग?”

“माज्या बागेतला डोळा भरतो. ह्याचा खुंट करायचा. तीन वर्सांत फळ. साकरंवानी.”

डोळा भरायचा म्हणजे काय, ते त्यांनी मला समजावलं. झाडाच्या खोडाची साल वीतभर उंचीवर चिरायची, तिच्यात चांगल्या झाडाच्या फांदीवरचा एक डोळा बसवायचा, सुतळीनं आवळायचं. डोळा फुटला की वरचं जुनं झाड छाटून टाकायचं.

“म्हणजे झाड बदललं का?” मी विचारलं.

“मूळ तेच की!”

मूळ तेच. हे दोन शब्द मी घट्ट धरले. मालकांचं वय, त्यांचे डोळे, दहा वर्षं. तीन वर्षांत त्यांच्या हातात फळ पडेल, मूळ मालकीणबाईंच्याच बीचं असेल, आणखी काय पाहिजे? मोसंबी ती मोसंबी. मला वाटलं, मी केवढं पुण्याचं काम करतेय. मी बागवाल्यांना ‘भरा’ म्हणाले.

जाताना त्यांनी एक बजावलं. “गाठीखालनं काय फुटलं तर लगीच मोडायचं, बाई. ती जुन्या झाडाची फूट. ठिवली तर वरचं मारतीया.”

तीन आठवड्यांनी डोळा फुटला. मी माझ्या हातानं वरचं झाड छाटलं.

मालक जूनमध्ये परत आले. डोळ्यांवर भिंगांचा जाड चष्मा, त्यात त्यांचे डोळे माशाएवढे दिसायचे. पहिलं काम माळवदावर. झाड गुडघ्याइतकं झालेलं बघून म्हणाले, “बुटकं झालं म्हनावं?”

“वरून वाळलं होतं मालक. छाटलं. खालून नवं फुटलं.”

यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि सगळं खोटं होतं. आज सांगू, उद्या सांगू, अजून चष्म्याची सवय नाही, अजून अशक्तपणा आहे, असं करत करत मी दिवस ढकलले. मालकांनी खोडावरून बोटं फिरवली. ती गाठीवर येऊन थांबली.

“ही गाठ कसली म्हनावं?”

“छाटलं तिथली. भरून आली.”

“काटं बी कमी झालं.”

“वयानं होतात कमी.”

“झाडाचं होत्यात,” मालक गाठीला म्हणाले. “मानसाचं वाडत्यात.”

त्यानंतर अडीच-तीन वर्षं दर महिन्या-दीड महिन्याला त्या गाठीखालून एक काटेरी, फिकट हिरवा कोंभ बाहेर यायचा आणि मालक नळावर गेलेले बघून मी तो अंगठ्यानं मोडून टाकायचे. तो मोडायला जड नसे. पण बोटाला काटा हमखास लागायचा.

फूल आलं, दोन फळं धरली, एक गळालं. दुसऱ्यावर मालकांनी स्वतःच्या जुन्या धोतराची चिंधी बांधली, खारीला दिसू नये म्हणून. सत्त्याहत्तरच्या थंडीत ते पिकलं. मालकांनी अंघोळ केली, कपाळाला विभूती लावली, मला आणि अक्कांना वर बोलावलं. अक्कांनी त्या दिवशी माग बंद ठेवला. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मालकांनी फळ सोललं. एक फोड तोंडात घातली. बराच वेळ चघळली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, मोठं बक्षीस मिळणार असल्यासारखी.

“गोड हाय,” मालक म्हणाले. भिंतीलाही नाही, कुणालाच नाही. उरलेलं फळ अक्कांच्या हातात दिलं आणि जिना उतरून खोलीत गेले.

तीन दिवस ते माळवदावर फिरकले नाहीत. झाडाला पाणी मी घातलं. जेवायचं ताट अक्का नेऊन ठेवत आणि तसंच परत आणत. चौथ्या दिवशी मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले आणि विचारलं, “मालक, गोड आलं ते वाईट झालं का?”

मालक खाटेवर बसले होते. भिंतीशी बोलले, पण इतकं सलग बोलताना मी त्यांना त्यापूर्वी ऐकलं नव्हतं. “बाईंना म्हनावं, अकरा वर्सं बोलली न्हाय. शेवटाला बोलली. कन्नडात बोलली, घरच्यावानी. मला वाटलं, सुटलं. आंबट होतं म्हनून आंबट म्हनाली, असं धरून चाललो आट वर्सं. आता कळलं, फळ गोड होतं. गोड असून आंबट म्हनाली. म्हंजी जाताना बी मला टाकूनच गेली की.”

‘गोड कशाला येतील’ या त्यांच्या सगळ्या बोलण्याचा अर्थ मला त्या क्षणी लागला. मी दाराची चौकट धरली आणि सगळं सांगितलं. मोहोळचे बागवाले, भरलेला डोळा, छाटलेलं झाड, गाठ. ते फळ त्या बीचं नव्हतंच, हे सांगितलं. सांगताना मी रडत होते आणि त्याची मला लाजही वाटत होती, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

मालकांनी मान वळवली आणि त्या माशाएवढ्या डोळ्यांनी थेट माझ्याकडं पाहिलं.

“म्हंजी तुमीबी कार्ड खिशात ठिवलं की, बाई.”

सहा वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा सरळ बोलले, ते हे.

मग त्यांनीच विचारलं, “गाठीखालनं काय फुटत न्हवतं?”

“फुटत होतं. मी मोडत होते.”

“तीन वर्सं?”

“तीन वर्षं.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं डोळ्यांवरचा चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत घातला. “आता मोडू नका,” म्हणाले.

पुढच्या महिन्यात कोंभ आला आणि कुणीही तो मोडला नाही. वरचं कलम छाटून टाकू का, म्हणजे खालच्याला जोर येईल, असं मी विचारलं. मालक नको म्हणाले. “त्येचा काय दोष? त्याला आनून बसवलं, तवा त्ये बसलं.” त्या दिवसापासून माझ्याशी ते सरळच बोलत राहिले. ती शिक्षा होती की माफी, हे मला अजून कळलेलं नाही. बाकी साऱ्या जगाशी ते भिंतीतूनच बोलत.

एकोणऐंशीत, गेले त्याच्या महिनाभर आधी, ते माळवदावर उन्हाला बसले होते. गाठीखालची फूट वीतभर झाली होती, सगळी काट्यांनी भरलेली. मालक म्हणाले, “ह्येचं फळ माज्यानं बगनं व्हायचं न्हाय. तुमी बगाल. फळ आलं की चाकायचं, आनि मला यिऊन सांगायचं.”

“कुठं येऊन?”

“जितं पुरतील तितं.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “आणि गोड निघालं तर?”

खाली अक्कांचा माग चालू होता, तो दोनदा थांबून पुन्हा सुरू झाला.

“तरीबी सांगायचं,” ते म्हणाले. “त्याच दिवशी. सन असला तरी.”

मालकांना त्यांच्या रीतीप्रमाणं मांडी घालून बसवून माती दिली. डबा माझ्याकडं आला. पुढं मी शहराबाहेर छोटं घर बांधलं, झाड जमिनीत लावलं. बागवाल्यांनी सांगितलं होतं तसंच झालं. एका उन्हाळ्यात वरचं कलम वाळलं आणि खालची फूटच झाड होऊन बसली. काटे इतके की अंगणात खेळणारी मुलं चेंडू तिकडं गेला की नवा आणायला निघत. फळाचं नाव नव्हतं. लोक म्हणायचे, काढून टाका हो बाई, वांझ झाड आहे. मीही मालकांसारखीच भिंतीकडं बघून काहीतरी पुटपुटायचे.

मालक गेल्यावर दहाव्या वर्षी त्याला एक मोसंबी लागली. पिकायला आली तेव्हा मी रोज सकाळी तिला हात लावून बघायचे आणि तोडायचं धाडस होत नसे. मला भीती वाटत होती, अगदी खरी भीती. गोड निघाली तर मला ते त्या माणसाला सांगायचं होतं.

तोडली तो दिवस संक्रांतीचा नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. गोष्ट सांगणाऱ्याला तसला मोह होतो. साधा मंगळवार होता, आणि मला शाळेला उशीर होत होता. अंगणात उभ्या उभ्याच मी सोलली आणि एक फोड तोंडात घातली.

शाळेत गेले नाही. रिक्षा केली आणि थेट त्यांच्या समाजाच्या स्मशानभूमीत गेले. दहा वर्षांत तिथं पुष्कळ माणसं आली होती. मातीचे उंचवटे एकमेकांत मिसळले होते, वर बाभळी माजल्या होत्या. रखवालदाराला विचारलं, त्याला काही सांगता येईना. मी खूप शोधलं. मालक कुठं बसलेत ते मला सापडलं नाही.

मग कुंपणाची भिंत होती, तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. चुना उडालेली, साधी भिंत. तोंडात अजून ती चव होती, दात आंबलेले होते.

“मालकांना म्हणावं,” मी भिंतीला सांगितलं, “आंबट आहे. लई आंबट आहे.”